हरकत आहे का कोणाची?

आमच्या माडीवर दोन वर्षं एक भाडेकरू राहिले. त्या दोन वर्षांत त्यांनी जिन्यात उभं राहून कधी काही मागितलं नाही. काही हवं असलं, काही खुपलं, काही आवडलं, तरी ते शनिवारपर्यंत थांबत. शनिवारी सकाळी सज्जातून दोरीला बांधलेलं टोपलं खाली यायचं आणि त्यात एकच चिठ्ठी असायची. पहिली चिठ्ठी मला अजून पाठ आहे.

"आठवड्याचा गोषवारा. नळ गळला, तक्रार. नळ दुरुस्त झाला, तक्रार रद्द. डब्यातली भाजी दोनदा तिखट, तीनदा उत्तम. वजाबाकी करून एकदा उत्तम. कळावे. हरकत असल्यास सात दिवसांत सांगावी."

मी आकड्यांची बाई आहे. चिठ्ठी दोनदा वाचली, वजाबाकी बरोबर होती. आमचे हे म्हणाले, "माणूस हुशार दिसते." ह्यांना सगळेच हुशार दिसतात. समोरचा जे म्हणेल त्याला "हाव, बरोबर आहे" म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं, हा यांचा स्वभाव. लग्नात भटजींनी मंत्र चुकवले तरी यांनी मान डोलावली असती.

या भाडेकरूंना सगळं गाव सर म्हणायचं. सर मूळचे अमडापूरचे. बाहेरगावी एका तंत्रनिकेतनात त्यांनी जन्मभर कॉम्प्युटर शिकवला, पण बोली सोडली नाही. निवृत्त झाल्यावर गावी गेले आणि वर्षाच्या आत साखरखेर्ड्याला आमच्याकडे आले. अमडापूरच्या घरात आपल्या विचारांना जागा नव्हती, असं ते सांगत. पुतण्या एकदा भेटायला आला होता, त्याचं म्हणणं होतं की सामानाला नव्हती. सामान खरोखरच फार होतं. वायरींची दोन पोती, उघडे पडलेले चार कॉम्प्युटर आणि एक जुनी, हस्तिदंती रंगाची स्कूटर. ती डाव्या अंगाला पार आडवी केल्याशिवाय सुरू होत नसे. सर तिला बाळंतिणीसारखं जपत. लॅपटॉप बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून ते गावभर फिरत आणि शर्टाची बटणं बहुतेक वेळा एक घर चुकलेली असत.

ते आमच्या गटात कसे आले, ते सांगते.

आमच्या भागात शेडनेटमध्ये भाज्यांचं संकरित बियाणं करतात. शेडनेट म्हणजे हिरव्या जाळीचं घर. आत मिरचीची झाडं. कळी उमलायच्या आधी तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि त्या फुलाच्या देठाला लोकरीचा धागा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. धाग्याचा रंग दर आठवड्याला बदलतो, म्हणजे तोडणीच्या वेळी कोणतं फळ कधीचं ते कळतं. कच्चं फळ तोडलं तर बी उगवत नाही आणि बियाणे कंपनी माल परत करते. आमच्या गटात अकरा शेडनेट आहेत. गटाचं लिहिणं माझ्याकडे आहे.

एका वर्षी कंपनीने नवीन अट घातली. त्यांच्या परदेशातल्या गिऱ्हाइकाला प्रत्येक शेडनेटच्या रोजच्या क्रॉसिंगची नोंद ब्लॉकचेनवर हवी होती, म्हणजे मागाहून कोणाला बदलता येणार नाही अशी. खर्च शेतकऱ्यांचा. पहिल्याच आठवड्यात आम्ही रडकुंडीला आलो. एकेक नोंद आत जायला वेळ लागे, कधी शुल्क अचानक चढे, आणि बायका दिवेलागणीपर्यंत फोन हातात धरून बांधावर उभ्या. घरी चुली थंड. मी हिशेब केला, तर हंगामभर असंच चाललं तर लहान शेडनेटवाल्यांच्या हातात काही उरत नव्हतं.

मी सरांना विचारायला माडीवर गेले. ते म्हणाले, "शनिवार नाही आज." मी म्हटलं, "सर, शनिवारपर्यंत गट मरंन." तेव्हा ते पहिल्यांदा आठवड्याच्या मध्येच खाली उतरले.

पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवून त्यांनी जे सांगितलं, तसं मला नंतर कोणत्याही व्हिडिओत सापडलं नाही. समोर कुंताबाई बसली होती. तिचं शेडनेट आमच्या शेजारचं, आणि तोंड गावात सगळ्यांत धारेचं.

"कुंताबाई," सर म्हणाले, "समजा तुले सांभाराची एक जुडी घ्यायची आहे."

सांभार म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर.

"घेतली," कुंताबाई म्हणाली.

"घेतली नाही. कायदा असा आहे, का जुडी घ्यायची तर ग्रामसभा बोलवायची. सगळ्या गावानं जमायचं. प्रत्येकानं आपापल्या वहीत लिहायचं, कुंताबाईनं सांभाराची एक जुडी घेतली. मंगच ती जुडी तुही."

"आग लागो त्या कायद्याले. मंग भाजी कवा शिजंन?"

"थांब. फायदा पाय आधी. उद्या कोनी म्हनू शकत नाही, का तू जुडी घेतलीच नाही. सगळ्या गावाच्या वहीत आहे. एकानं पान फाडलं तरी बाकीच्यांचं कायम. ह्याले म्हनतात ब्लॉकचेन. अन् भाजी कवा शिजंन, हे त्याचं दुखणं. गाव मोठं झालं, जुड्या वाढल्या, का ग्रामसभेच्या दारात रांग लागते. ज्याले घाई तो जास्त पैसे देऊन पुढं घुसते. गरिबाची जुडी सडते."

"हेच होऊन राह्यलं आमचं," मागून कोणीतरी बोललं.

"मंग इलाज काय? बाजार बाजारातच करायचा. दिवसभर जुड्या घ्या, द्या, वापस करा. संध्याकाळी एकच कागद ग्रामसभेपुढं ठेवायचा, कोनाकडून कोनाकडं किती गेल्या अन् शेवटी कोनाजवळ किती राह्यल्या. ग्रामसभा एकदाच भरते, एकदाच लिहिते. पक्केपना तोच. खर्च सगळ्यांत वाटला जाते. हा बाजार म्हंजे दुसरा थर. खाली जोतं, वर माडी. माडीवर कितीही वावरा, भार जोत्यावरच राहते."

तेव्हा मला टोपल्यातल्या चिठ्ठीचा उलगडा झाला. त्यांच्या लेखी आम्ही खालचे लोक जोतं होतो आणि ते स्वतः दुसऱ्या थरावर राहत होते.

मी विचारलं, "सर, अन् बाजारात कागद लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं तर?"

सरांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "वहिनी, हाच खरा सवाल! दोन रस्ते आहेत. एक म्हंजे कागदासंगं गणिताचा असा पुरावा धाडायचा, का चुकीची बेरीज पुढं सरकतच नाही. त्याले कॉम्प्युटरची मेहनत लई. दुसरा रस्ता असा, का कागद खरा धरून चालायचं, पन सात दिवस दार उघडं ठेवायचं. ज्याले चूक दिसली त्यानं पुरावा आनावा. चूक सिद्ध झाली, का लिहिणाऱ्यानं जे तारण ठेवलं असंन ते गेलं, अन् त्यातलं पकडनाऱ्याले भेटलं. हजार लोकांत एक जागा असला तरी पुरे. पन एक पायजे."

आम्ही दुसरा रस्ता घेतला. रोजच्या नोंदी वरच्या थरावर जमायच्या आणि शनिवारी त्यांचा एक गोषवारा मूळ साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, जायचा. सरांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. "साखळीले बेरीज दिसते. धागा दिसत नाही. शेडनेटात काय चाललं ते तिले काय माहीत? धागा पाहनारी मानसं आपली पायजेत." म्हणून त्यांनी गटातही तोच नियम लावला. शनिवारी शेडमध्ये गोषवारा वाचायचा, सात दिवस हरकतीला द्यायचे आणि मगच कंपनीने तो पक्का धरायचा. तारण म्हणून त्यांनी स्कूटर लावली. चूक दाखवणाऱ्याला स्कूटर.

"बापा!" कुंताबाई म्हणाली. "अन् मले नाही आली सुरू करता तर?"

खर्च इतका खाली आला की मी बेरीज तीनदा केली. बायका दिवस मावळायच्या आत घरी जाऊ लागल्या. सगळं छान चाललं होतं आणि सर दिवसेंदिवस उदास होत होते. कारण हरकत एकही येत नव्हती.

माझी चालत नव्हती. "तुमी लिहिनाऱ्यांत आहा, वहिनी, चोरानं चोराची झडती घ्यायची का?" असं ते म्हणाले. मला जरा लागलं, पण मुद्दा बरोबर होता. बाकीच्यांची अडचण वेगळी होती. आमच्याकडे सरांना कोणी चूक म्हणत नाही. मास्तर, डॉक्टर आणि व्याही, यांच्यापुढे मान खालीच.

सरांनी लोकांना हरकत शिकवायला घेतली. रोज सकाळी ते स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जायचे आणि मोठ्याने काहीतरी धडधडीत चुकीचं बोलायचे. जो चूक दाखवेल त्याला चहा.

"लोणारच्या सरोवराचं पानी कसं उसाच्या रसासारखं गोड आहे, नाही का मंडळी?"

लोणार आमच्यापासून काही लांब नाही. ते पाणी खारट आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सर म्हनून राह्यले म्हंजे गोडच असंन."

"चाखलं का तुमी कधी?"

"हाव ना. खारट लागलं. पन आपली जीभ काय शिकेल आहे?"

आमचे हे तिथेच होते. त्यांनी मान डोलावली. सर घरी येऊन ओट्यावर कपाळाला हात लावून बसले.

पुढे चहाची बातमी पसरली आणि लोक उलट बाजूला गेले. मिळेल ती हरकत येऊ लागली. "सर, तुमची बटनं चुकली." खरं होतं, चहा द्यावा लागला. "सर, काल तुमी रविवार म्हनले, होता सोमवार." हेही खरं निघालं. शेजारच्या बीबी गावाहून भाजी घेऊन आलेल्या एका अनोळखी माणसाने तर स्कूटरच्या वाकण्यावर हरकत घेतली आणि बिस्किटंही मागितली. पण शनिवारी शेडमध्ये सरांनी गोषवारा वाचून "हरकत आहे का कोणाची?" असं विचारलं की सगळे गोठ्यातल्या म्हशींसारखे शांत. कागदावरचं सरांचं लिहिलेलं आणि टपरीवरचं बोललेलं यात लोकांच्या मनात फार अंतर होतं.

सहाव्या आठवड्यात कंपनीचे पाहणी अधिकारी आले. तरुण होते, पण बघायचे नीट. त्यांनी सगळे गोषवारे चाळले.

"सर, एकही हरकत नाही. एवढं बिनचूक काम मी कुठे पाहिलं नाही. मला दोनच शक्यता दिसतात. एक तर तुम्ही देव आहात, नाहीतर इथे कोणी बघत नाही."

"तिसरी आहे," सर पडेल आवाजात म्हणाले. "बघतात, पन बोलत नाहीत."

"मग सात दिवसांचा उपयोग काय? मला वर उत्तर द्यावं लागतं. हंगाम संपायच्या आत एकदा तरी दिसू द्या की या गावात तुम्हाला कोणी चूक म्हणू शकतं. नाहीतर पुढच्या वर्षी जुनीच पद्धत. एकेक नोंद, थेट साखळीवर."

म्हणजे पुन्हा बांधावर उभं राहणं, पुन्हा थंड चुली. कुंताबाईने तर सांगून टाकलं की तसं झालं तर ती जाळी उतरवून घराला कुंपण करेल.

क्रॉसिंगचा शेवटचा आठवडा उरला होता. त्या आठवड्यात सरांची अवस्था पाहण्यासारखी होती. नोंदीत चूक होऊ नये म्हणून ते जीव टाकत होते आणि कोणाला तरी चूक सापडावी म्हणून झुरत होते. मी म्हटलं, "सर, एखादी मुद्दाम घाला." ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं चिडले. "टपरीवर कितीही खोटं बोलंन मी. नोंदीत? नोंदीत नाही!"

शनिवारी शेवटचा गोषवारा गेला. माझ्या बेरजा सगळ्या जुळल्या होत्या. पुढच्या शनिवारी अधिकारी येणार होते.

बुधवारी सकाळी आमचे हे चहा पिताना म्हणाले, "मी काय म्हनतो..." आणि थांबले.

"काय?"

"काही नाही."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी कपबशी काढून घेतली. तेव्हा ते बोलले. आमच्या शेडनेटमध्ये ठिबकच्या नळ्या तपासताना त्यांना वरच्या फांद्यांवर लाल धागे दिसले होते. सरलेल्या आठवड्याचा रंग पिवळा होता. लाल त्याच्या आधीच्या आठवड्याचा, तो खालच्या फांद्यांवर हवा. वरची फळं तर अजून वाटाण्याएवढी.

मला क्षणात कळलं. त्या आठवड्यात दोन दिवस कुंताबाईकडच्या बायका आमच्याकडे सावडीला आल्या होत्या. सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या शेतात राबा, उद्या आम्ही तुमच्या. सावडीला जाताना आपली भाकर, आपला चिमटा, सगळं आपलंच न्यायचं, दुसऱ्याच्या घरचं काही मागायचं नाही, ही रीत. त्या बायकांनी रीत पाळली. धागाही आपलाच आणला, मागच्या आठवड्याचा उरलेला लाल. फुलांची संख्या त्यांनी बरोबर कळवली, म्हणून माझी बेरीज जुळली. आणि रंग? रंग कोणी कळवतच नव्हतं. दर वेळी विचारायला नको म्हणून सरांनी आठवड्याचा रंग प्रत्येक नोंदीपुढे आपोआप लागेल अशी सोय केली होती. गोषवाऱ्यात आमचं शेडनेट पिवळंधमक होतं. तो पक्का झाला असता तर तोडणीला लाल धागे आधी निघाले असते आणि त्यांबरोबर कच्ची फळंही. आमचा हंगाम गेलाच असता.

"मग जाऊन सांगा सरांना," मी म्हटलं. "माझी हरकत चालत नाही."

"मी? सरांले? मानूस आपल्या घरी राहते. रोज नमस्कार करते. त्याले चारचौघांत खाली पाहायला लावू? आपन गुपचूप लाल धागे तोडून टाकू ना."

"अन् मग कुठलं फळ कधीचं, कसं कळंन?"

"हाव, तेही बरोबर आहे."

तीन दिवस आमच्या घरात हेच. मी सांगायची, हे "बरोबर आहे" म्हणायचे आणि उठून गोठ्यात जायचे.

शनिवारी शेड भरलेलं. अधिकारी खुर्चीवर. हरकतीचा शेवटचा दिवस म्हणून सरांनी गोषवारा पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हरकत आहे का कोणाची?"

पंखा फिरत होता. कुंताबाई पदराशी चाळा करत होती. मी यांच्याकडे बघितलंच नाही. माझं बघणंही हरकतीत धरलं जाईल की काय, अशी धास्ती वाटली.

"नाही?" सरांचा आवाज बारीक झाला. "कोनाचीच नाही?"

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण उघडलं.

"सर," मागून आवाज आला. आमचे हे उभे होते. पाणी मागणाऱ्यासारखा अर्धा हात वर. "म्हंजे तुमचं बरोबरच आहे, सर. पन ते लाल आहेत."

"काय लाल आहेत?"

"वरच्या फांद्यांवरचे. तुमी पिवळे लिहिले. बरोबरच लिहिलं असंन. पन मी पायले तं लाल आहेत."

सर उठले आणि चपला न घालता शेडनेटकडे पळत सुटले. मागे अधिकारी, मागे आम्ही सगळे. जाळीच्या आत हिरव्या उजेडात सर एका झाडापुढे वाकले. एक फांदी पाहिली, दुसरी पाहिली. दोन्हींवर लाल धागा. सगळी ओळ तशीच.

कुंताबाईने तोंडावर हात ठेवला. "अव माय, हे तं आमचे धागे!"

सर सरळ झाले. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. मला वाटलं, माणूस खचला. पण त्यांनी यांचे दोन्ही खांदे धरले.

"भाऊ, एकदा नीट म्हना. मी चुकलो का?"

हे माझ्याकडे पाहू लागले. मी मिरचीकडे पाहत राहिले.

"हाव सर," हे म्हणाले. मग त्यांना ते पुरेसं वाटलं नसावं. "चुकले तुमी. साफ चुकले."

"मंजूर!" सर ओरडले. "हरकत मंजूर!" आणि बायका अशा हसत सुटल्या की पलीकडच्या रानातली माणसं धावत आली. सरांनी गोषवारा तिथेच मागे घेतला. दुरुस्तीत लाल धाग्यांची ओळ वेगळी लिहिली आणि अधिकाऱ्यांनी ती स्वतः झाडांशी ताडून पाहिली. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पुढच्या वर्षी हीच पद्धत," ते म्हणाले. "आणि रंग विचारत जा."

स्कूटरची किल्ली सरांनी यांच्या खिशात कोंबली. यांना सायकलच तेवढी येते, त्यामुळे पुढे सर अमडापूरला परत जाईपर्यंत ते ड्रायव्हर आणि मागे बसलेले हे मालक, अशी वरात गावात फिरायची. पेट्रोल मालकाचं. ही सरांची अट होती आणि तीवर मी केलेली हरकत फेटाळली गेली.

पण मला त्या दिवसाचं शेवटचं आठवतं ते दुपारचं जेवण. शेडनेटवरून परत यायला उशीर झाला होता. मी घाईघाईत वरण-भात टाकला आणि ताट यांच्यापुढे ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी ताटाला कधी नाव ठेवलेलं नाही. यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग हात थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज साफ केला.

"वरनात मीठ जास्त झालं."

मी पळी उचलली आणि चाखून पाहिलं. झालं होतं.